मधली जागा

मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा होता. निदान पत्रिकेत तरी. मारुतीच्या पारापासून मांडव जेमतेम दोनशे पावलांवर, पण तेवढं यायला नवरदेवाला दोन तास लागले. मित्रमंडळी डीजेसमोरून हलायला तयार नव्हती. पोरीचा मामा तीनदा हात जोडून आला. तिसऱ्या वेळी त्यालाच धरून नाचवलं.

गाव आर्णी तालुक्यातलं, महिना मेचा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की हे यंत्र ० ते ४० अंश तापमानात वापरावं. त्या दिवशी पारा ४५च्या घरात होता, तोही सावलीतला. मी माझा दुपट्टा कॅमेऱ्यावर पांघरतो आणि स्वतः उघड्या डोक्यानं फिरतो. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा त्या डबड्याचं नशीब बरं. पण ऊन लागून मी पडलो तर लोक पाणी पाजतील. कॅमेरा पडला तर अंतरपाट दूर झाल्याचा क्षण मी कुठून आणू? घरी पुन्हा कुणी लग्न लावत नाही. म्हणून एकच फोटो दोन कार्डांवर उतरतो, चार बॅटऱ्या खिशात, आणि एवढं करूनही शेवटच्या 'सावधान'ला कुणीतरी मोबाइल वर करून माझ्या भिंगासमोर उभा राहतोच. त्या दिवशी नवरीचा चुलतभाऊ होता. मी त्याला कोपरानं बाजूला सारलं, तेव्हा कुठं हार मिळाले. अक्षता मात्र अर्ध्या माझ्याच मानेत गेल्या.

तीन वाजता मी पंगतीच्या टोकाला बसून पहिला घास घेत होतो. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. नवरीची आई समोर येऊन उभी राहिली.

"बसा ना भाऊ, जेवून घ्या. मंग एक काम होतं."

मी म्हटलं, "बोला वहिनी."

"सोनीच्या बाबांचा फोटो पाह्यजे होता. तिच्याजवळ उभा करून. तुमच्याजवळ असन ना? तुम्हीच त आले होते काढाले."

घास तोंडातच फिरला. ऑर्डर मामानं दिली होती. पाच हजार इसारही त्यानंच दिला होता. गावाचं नाव मी वहीत लिहून घेतलं होतं, घर कोणाचं ते विचारलं नव्हतं.

आमच्यासारख्या तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला फक्त लग्नं करून भागत नाही. बारसं, जावळ, शाळेचा गॅदरिंग, शेतकऱ्याचे कागदाला लावायचे फोटो, आणि ठाण्यातून फोन आला की पंचनामा. २०१९च्या जूनमध्ये असाच फोन आला होता. पहिल्या पावसात माणूस बांधावरच्या झाडाखाली थांबला होता आणि वीज पडली. वीज पडून माणूस गेला तर वारसांना सरकारकडून ४ लाख मिळतात. त्या फाइलीला पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. मी अकरा फोटो काढले. त्या फोटोंविषयी इथं याहून जास्त काही लिहिणार नाही.

वहिनींना वाटत होतं, फोटो म्हणजे फोटो. तेव्हा घरात रडारड होती, त्यांना कुणी शेतात येऊ दिलं नव्हतं. एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं की आर्णीचा फोटोवाला आला होता आणि त्यानं त्यांच्या नवऱ्याचे फोटो काढले.

"पाहतो," मी म्हणालो. खोटं बोललो. पाहायचं काही नव्हतं.

"घरी दुसरा कोणता असेल?" मी विचारलं. त्यांनी पदराखालून बँकेचं पासबुक काढलं. सकाळपासून जवळच ठेवलं असावं. साडेतीन-साडेचार सेंटिमीटरचा फोटो, त्यावर बँकेचा जांभळा गोल शिक्का, नेमका डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. मामा मागून म्हणाला, "डोकं इथून घ्या, अन् खाली कोट लावून द्या. तुमच्या कॉम्पुटरमंधी कोट असतेच."

असतो, खरंच असतो. निळा कोट, लाल टाय. तालुक्यातले कितीतरी बाप त्या एकाच कोटात आपापल्या पोरांच्या लग्नाला उभे आहेत. नोटेवरच्या सहीसारखा तो कोट सगळीकडे सारखाच. मला त्याची लाज कधी वाटली नव्हती, धंदा आहे. शिक्क्याखालचा चेहरा मात्र कोटानं उघडा पडत नाही.

मग स्टेजवर घरच्यांचा फोटो. वहिनी सोनीच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या आणि तिथून एक पाऊल बाजूला सरकल्या. मधे माणूस मावेल एवढी जागा. नवरदेवाकडची एक बाई म्हणाली, "अवं, जवळ सरक ना माय." मामानं तिला काहीतरी सांगितलं. ती गप्प झाली. एक लहान पोरगं मोकळी जागा दिसताच धावत येऊन तिथं उभं राहिलं, त्याला उचलून न्यावं लागलं. मी तीन फोटो घेतले. इतक्या वर्षांत रिकाम्या जागेवर फोकस करायची वेळ पहिल्यांदाच आली. भिंग आपोआप मागच्या फुलांच्या पडद्यावर जात होतं. शेवटी हातानं लावलं.

रात्री साडेअकराला स्टुडिओ उघडला. आधी दोन्ही कार्डं उतरवली, ते केल्याशिवाय मला झोप येत नाही. मग ते अकरा फोटो उघडले. चेहरा पाहून ठेवायला. लगेच बंद केले.

डोक्यात एकच आलं: खेड्यात लग्न म्हणजे गावजेवण. त्या गावात २०१९च्या आधी मी चार लग्नं केली होती. हा माणूस त्या चारांत कुठंतरी असणारच.

आता जुना डेटा. ग्राहकाला आम्ही सांगतो की वर्षभर सांभाळू, नंतर जबाबदारी नाही. डिस्क फुकट येत नाहीत. पण पुसायचा कंटाळा म्हणून तीन जुन्या डिस्क माळ्यावर साडीच्या खोक्यात पडून होत्या. पहिली लावली तर नुसती टक टक. चारांपैकी दोन लग्नं त्या टकटकीत गेली. दुसऱ्या डिस्कवर त्या गावचं काहीच नव्हतं. तिसरीवर उरलेली दोन. एकूण २,३०० फोटो.

स्टेजवरचे फोटो मी सोडूनच दिले; असला माणूस स्टेजवर चढत नाही. पंगती पाहिल्या. अल्बम ठरवताना लोक हेच फोटो आधी काढून टाकतात. "जेवतानाचे कायले पाह्यजे? तोंड वाकडे दिसतेत." मला स्वतःलाही तेच वाटायचं. पंगतीचे फोटो मी हात मोकळा करायला काढतो.

अडीचच्या सुमारास, २०१६च्या एप्रिलमधल्या लग्नात, तो सापडला. किंवा सापडल्यासारखं वाटलं. कमरेत वाकलेला, एका हातात बुंदीची बादली, दुसऱ्यात वाटी, आणि चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी पाहून तोंडभर हसणारा. पांढऱ्या शर्टाला बारीक हिरव्या रेघा. मोबाइलवरचं पासबुक शेजारी धरलं. शिक्क्यानं अर्धा खाल्लेला, फोटोग्राफरला घाबरलेला चेहरा आणि हा हसरा माणूस. कान जुळत होते, केसांची ठेवण जुळत होती. पण हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या बाईला दुसऱ्याच कुणाचा फोटो तिचा नवरा म्हणून नेऊन द्यायचा, याची भीती कार्ड खराब होण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

अल्बमची वाट न पाहता चौथ्या दिवशी छोटी प्रत काढून गावी गेलो. त्याला सोनीशेजारी उभा करणं जमणार नव्हतं, वाकलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर सरळ करता येत नाही. तेही सांगायचं होतं. मांडव अजून उतरला नव्हता. मामा खाटेवर बसून मंडपवाल्याचा हिशोब करत होता. वहिनींच्या हातात फोटो दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब.

"हा शर्ट त्याइचा नोहे," त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात खड्डा पडला. चुकलंच, म्हटलं. काय बोलावं ते सुचेना.

त्यांनी फोटो मामासमोर धरला. "पाय, तुहाच होय ना हा? लग्नासाठी म्हून मांगून नेला होता."

मामानं चष्मा वर केला. "हाव," तो म्हणाला. "वापस नाई केला."