वसतियोग्य पट्ट्यात असणे पुरेसे नाही

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार हे निश्चित झाल्यापासून परभणी-हिंगोलीकडच्या महाविद्यालयांत खगोलशास्त्राविषयी बरीच विचारणा होते. विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता प्रश्न मात्र गुरुत्वीय लहरींचा नसतो. ‘वसतियोग्य पट्ट्यात नवा ग्रह सापडला’ अशी बातमी वाचून ते विचारतात, की सर, तिथे पाणी असेल का? ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल असा ताऱ्याभोवतीचा भाग म्हणजे हा पट्टा. त्याची व्याख्या केवळ ताऱ्यापासूनच्या अंतरावर आणि मिळणाऱ्या उष्णतेवर बेतलेली आहे, आणि माझ्या मते बातम्यांमधली मोठी उणीव हीच आहे. ग्रहाभोवती वातावरण टिकले आहे की नाही, हे ठरवण्यात त्या ताऱ्याच्या क्ष-किरणांचा वाटा फार मोठा असतो.

सूर्याचा दृश्य पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा आहे. क्ष-किरण येतात ते त्याच्या बाहेरच्या, दहा लाख अंशांहून तप्त अशा प्रभामंडलातून. सूर्याच्या एकूण ऊर्जेत त्यांचा हिस्सा जेमतेम दशलक्षांश असतो. तरीही त्यांचा परिणाम मोठा होतो, कारण दृश्य प्रकाश वातावरण भेदून जमिनीपर्यंत येतो, तर क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण वरच्या विरळ थरातच शोषले जातात. तेथे ते अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतात, त्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या धडकांनी वायू हजारो अंशांपर्यंत तापतो, फुगतो, आणि हायड्रोजनसारखे हलके अणू ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटतात. प्रवाह जोरदार असेल तर जड अणूही त्यासोबत ओढले जातात. उन्हाळ्यात जायकवाडीचे पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते वातावरणातच राहते आणि कुठे ना कुठे पाऊस होऊन पडते, पण अतिनील किरणांनी पाण्याचा रेणू फुटून हायड्रोजन अवकाशात निघून गेला, तर तेवढे पाणी त्या ग्रहाने कायमचे गमावले.

हे प्रत्यक्ष दिसलेलेही आहे. सुमारे 64 प्रकाशवर्षांवरील एचडी 189733 बी या गुरूसारख्या, 2.2 दिवसांत ताऱ्याभोवती फेरी मारणाऱ्या ग्रहाचे हबल दुर्बिणीने 2010 च्या एप्रिलमध्ये वेध घेतले, तेव्हा वायू निसटत असल्याची खूण आढळली नाही. 2011 च्या सप्टेंबरमध्ये मात्र ती स्पष्ट आढळली, आणि त्याआधी सुमारे आठ तास स्विफ्ट उपग्रहाने त्याच ताऱ्यावर क्ष-किरणांची प्रखर ज्वाला टिपली होती. एका घटनेवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही ताऱ्याचा स्वभाव आणि ग्रहाचे वातावरण यांचा संबंध इतक्या थेटपणे दाखवणारे वेध थोडेच आहेत.

खरा पेच लाल बटू ताऱ्यांचा, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्यांचा, आहे. ते मंद असल्याने त्यांचा वसतियोग्य पट्टा अगदी जवळ असतो, आणि चुंबकीय खळबळ मात्र दीर्घकाळ शमत नाही. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा सेंटॉरी या लाल बटूचा एकूण प्रकाश सूर्याच्या हजारांशाच्या जवळपास आहे, पण क्ष-किरण साधारण सूर्याइतकेच. त्याचा 2016 मध्ये जाहीर झालेला ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्यावर फिरतो. तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने त्याला पृथ्वीच्या शेकडो पट क्ष-किरण सोसावे लागतात. या ताऱ्याचे वेध आपल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेने ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण आणि हबल यांच्यासोबत एकाच वेळी घेतले आहेत, ही मला विशेष समाधानाची गोष्ट वाटते. शिवाय आजचे मोजमाप पुरेसे ठरत नाही, कारण तरुण, वेगाने स्वतःभोवती फिरणारे तारे आपल्या ऊर्जेचा हजारावा भाग क्ष-किरणांत टाकतात आणि ग्रहाचे बरेचसे नुकसान त्याच काळात होऊन गेलेले असते.

म्हणून बातमी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी ताऱ्याचे वय आणि त्याच्या परिवलनाचा वेग शोधायला सांगतो. सुमारे 40 प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-1 या लाल बटूच्या सात ग्रहांपैकी सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण नसल्याचे जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या 2023 मधील निरीक्षणांनी सूचित केले. वसतियोग्य पट्ट्यातील ‘ई’ या ग्रहाबाबत निर्णय अजून झालेला नाही, कारण ताऱ्यावरील डाग आणि ज्वाला यांचा ठसा ग्रहाच्या वर्णपटात मिसळतो आणि तो वेगळा काढणे हेच सध्याचे मुख्य काम आहे.