शुक्रवारचा शेवटचा तास

आठवडा झाला पुण्यात येऊन. कोथरूडला ताईकडे उतरलेय, बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे आणि डोक्यात अजून लीड्सजवळची ती शाळा. इंग्लंडमधलं शालेय वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि जुलैच्या शेवटी संपतं. हायस्कूलात गणित शिकवण्याचं माझं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. इथे जो भेटतो तो विचारतो, "कसं गेलं वर्ष?" नुसतं "छान" म्हणून विषय मिटवायला जीभ रेटत नाही.

सुरुवातीला वाटलं होतं, गणित येतं, इंग्रजी येतं, प्रशिक्षणाचं वर्षही झालंय, मग अडणार कुठे? अडलं ते शुक्रवारच्या शेवटच्या तासाला. इयर नाइनचा वर्ग, २८ मुलं, वय १३-१४, म्हणजे आपली आठवी. माझ्या पुण्यातल्या शाळेत बाई दारात दिसल्या की बाकं सरकायची, आम्ही उभे राहायचो आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. तिथे मी आत गेले तरी गप्पा चालूच. मुलं वाईट नव्हती. पण नव्या शिक्षिकेचं ऐकायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं.

नोव्हेंबर सगळ्यात जड गेला. चारच्या सुमारास अंधारायला लागायचं, घरी वह्यांचा ढीग, उद्याच्या तासांची तयारी करता करता अकरा वाजायचे. तिथे २०२१ पासून नव्या शिक्षकासाठी दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ असतो. पहिल्या वर्षी १० टक्के तास कमी मिळतात आणि एक अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून सोबत असतो. ही सोय मनापासून चांगली आहे, आपल्याकडेही असायला हवी. तरीही एकदा त्या मोकळ्या तासाला मी रिकाम्या वर्गात बसून रडले.

त्याच महिन्यातला एक शुक्रवार. (अ + ३) चा वर्ग शिकवत होते. मागे बसलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "मिस, मला यातलं काहीच कळत नाहीये." थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला डिटेन्शन दिलं.

शाळा सुटल्यावर तो माझ्यासमोर बसला, बॅग मांडीवर घट्ट धरून. मी कागदावर ३² लिहिलं. त्याने उत्तर लिहिलं ६. मग ४² लिहिलं. त्याने लिहिलं ८. वर्ग म्हणजे दुप्पट, असं तो किती वर्षं धरून चालला होता कोण जाणे! म्हणजे तीनदा तो मला खरं तेच सांगत होता, आणि मी त्याला शिक्षा केली होती.

मी चौकटीच्या कागदावर एक मोठा चौरस काढला, बाजू अ + ३. आत दोन रेघा मारल्या, चार तुकडे झाले. अ चा चौरस त्याने ओळखला, नऊ चौकटींचा छोटा चौरसही ओळखला. मग पेन्सिलीने उरलेल्या दोन पट्ट्या रंगवत म्हणाला, "हे दोन राहिले की, मिस." मी त्याची माफी मागितली. तो ओशाळला आणि बॅग उचलून पळाला.

इंग्लंडमध्ये १६ व्या वर्षी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेत, गणितात किमान ४ ही श्रेणी मिळाली नाही, तर पुढे १८ पर्यंत गणित सुटत नाही. अशी बरीच मुलं तीच परीक्षा पुन्हा देत राहतात. त्या मुलाकडे पाहताना हेच सारखं मनात येतं.

त्यानंतर "कळलं का?" हा प्रश्न मी वर्गात विचारणं सोडलं. मेंटॉरने छोटे पांढरे बोर्ड वापरायला शिकवलं. प्रत्येकाने उत्तर लिहायचं आणि तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर धरायचं. अगदी आपली पाटीच! पहिल्यांदा बोर्ड वर आले तेव्हा निम्म्याहून जास्त उत्तरं चूक होती, आणि त्या दिवशी मला मोठाच दिलासा मिळाला. निदान दिसलं तरी. पुढचे सगळे शुक्रवार सुरळीत गेले असं नाही. मे महिन्यातही एक तास पार हातातून गेला. पण मार्चमध्ये त्याच मुलाने शेजारच्याचा बोर्ड ओढून घेऊन त्यावर चौरस काढून दाखवला होता, तो क्षण मी जपून ठेवलाय.

परवा अप्पा बळवंत चौकातून भाचीसाठी पाटी आणली. ती आठवीत आहे. (अ + ब) चा वर्ग विचारला तर एका दमात म्हणाली, "अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग." म्हटलं, "हे दोन अ ब आले कुठून गं?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मावशी, मलाही कधी कळलं नाही. पण वर्गात नाही विचारलं. सगळे 'हो' म्हणतात ना."

मी पाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी एक चौरस काढ.