नाशिकहून भंडारदरा–घाटघर : धरण आधी, वीज कितीतरी नंतर

नाशिकहून महामार्गाने घोटी, तिथे डावीकडे वळून बारीमार्गे धरणाजवळचं शेंडी गाव : एकूण साधारण ७०–७५ किमी. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीलाच उरका. एसटीने जाणाऱ्यांनी शेंडीत उतरताच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. पुढे घाटघरला स्वतःच्या वाहनाशिवाय जाणं अवघडच.

भंडारदरा धरण इंग्रजांनी विजेसाठी बांधलं, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. त्याच काळात टाटांनी लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा, शिरवता हे तलाव बांधले, तेच मुळात विजेसाठी. तिथलं पाणी ५०० मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये मुंबईला वीज पोहोचली. भंडारदऱ्याच्या, म्हणजे प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला संपलं, उद्देश शेतीचा. नदीत सोडलेलं पाणी खाली संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत घ्यायचं, अशी ती रचना. वीजगृह अनेक दशकांनी आलं. म्हणून इथली वीज अजूनही आवर्तनाच्या, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या मागे चालते. कालव्याला पाणी नको असेल तर टर्बाइनही सहसा थंड.

भिंत नीट बघा : दगड-चुन्याचं बांधकाम, ८२ मीटर उंच, ५०७ मीटर लांब, साठा सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट). खालच्या अंगाला भिंतीला टेकलेले जाड खांब दिसतात, ते मूळचे नाहीत. १९६९ मध्ये तडे जाऊन गळती वाढली, त्यानंतर हे टेकू दिले गेले. त्या काळच्या दगडी धरणांच्या हिशेबात पायाखालून वर रेटणारा पाण्याचा दाब पुरेसा धरलेला नसे, आणि एवढ्या उंच भिंतीला तो दाब फार महागात पडतो. भिंतीवर आणि वीजगृहात परवानगीशिवाय जाता येत नाही. सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. खालच्या बागेकडून सगळं दिसतं. अंब्रेला धबधबा मात्र पाणी सोडलेलं असेल तरच. पाऊस जोरात आहे एवढ्यावर विसंबून निघू नका, विसर्ग सुरू आहे का ते पाहून निघा.

बातमीतल्या क्युसेकवरून विजेचा अंदाज घरबसल्या काढता येतो. ३५.३ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. घनमीटर गुणिले पाणी पडण्याची उंची (मीटर) गुणिले ८, की उत्तर किलोवॅटमध्ये. ८०० क्युसेक म्हणजे २२.६ घनमीटर, ६० मीटर उंची मिळाली तर जवळपास ११ मेगावॅट. धरण उतरून उंची ४० वर आली की तेवढ्याच पाण्यात सातच्या आसपास. उन्हाळ्यात आवर्तन चालू असूनही वीज कमी का, याचं उत्तर हेच.

शेंडीपासून सुमारे १० किमीवर रंधा धबधबा. त्याच्या वर बंधारा घालून पाणी कोदणीच्या ३४ मेगावॅटच्या वीजगृहाकडे वळवलं आहे, त्यामुळे एरवी धबधबा रोडावलेला असतो. ऑगस्टमध्ये जादा पाणी आलं तरच थांबण्यासारखा. तिथले खडक शेवाळलेले असतात, कठड्यापलीकडे पाऊल नको.

वेळ राखून ठेवावा तो घाटघरसाठी. प्रवरेच्या उगमाकडचं पाणी वरच्या तलावात, खालचा तलाव थेट शहापूर तालुक्यात, मध्ये ४०० मीटरहून जास्त उतार आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटचे दोन संच. विजेची मागणी असताना पाणी खाली सोडायचं, मागणी पडली की तेच यंत्र उलटं फिरवून पाणी वर चढवायचं. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. फायदा आहे तो वेळेचा. वरचं सूत्र इथे लावा : तेच ८०० क्युसेक इथे ७४ मेगावॅटच्या घरात जातात. भुयारी वीजगृह पर्यटकांसाठी नाही. तलाव आणि कोकणकडा पाहता येतो, तोही धुकं नसेल तर. पावसाळ्यात सकाळी काही दिसलं नाही तर तासभर थांबावं.

वाटेत अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क आहे, पावती जपून ठेवा. घाटघरच्या बाजूला मोबाइलची रेंज भरवशाची नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. पावसाळी शनिवार-रविवारी तलावाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात, आणि कधी एकेरी वाहतूक लावलेली असते. त्या दिवसांत आधी घाटघर, मग धरण असा क्रम लावला तर अंधाराआधी घोटी गाठता येते.