कॅन्सर नाही, मग लाईट कशाला?

माझ्या उजव्या तळपायाच्या कमानीत ज्या गाठी आहेत त्या कर्करोगाच्या नाहीत, हे एमआरआयच्या अहवालावरून स्पष्ट झाले तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच भेटीत डॉक्टरांनी किरणोपचार सुचवले तेव्हा सगळे पुन्हा धास्तावले. ‘अहो वहिनी, कॅन्सर नाही ना, मग लाईट कशाला घेताय?’ असे धाकट्या जाऊबाईंनी पुण्याहून फोनवर विचारले. इथे इंदूरमध्ये तर ‘सिकाई’ (किरणोपचारांना इथल्या बोलीत हाच शब्द) म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एकच आजार येतो, त्यामुळे शेजारपाजारच्या बायका आवाज खाली आणून माझी चौकशी करू लागल्या. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत कातडीखाली एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो आणि पायाची कमान तो तोलून धरतो. या पडद्यातील तंतू तयार करणाऱ्या पेशी कारण नसताना वाढू लागल्या की तिथे टणक गाठी होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेडरहोझ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला लेडरहोझचा विकार म्हणतात. हाच विकार तळहाताला झाला तर त्याला डुप्युट्रेनचा विकार म्हणतात; फ्रेंच शल्यविशारद डुप्युट्रेन यांनी १८३१ मध्ये पॅरिसमध्ये त्यावर केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. हातात या गाठींची पुढे दोरी बनते आणि ती करंगळी व अनामिका हळूहळू तळहाताकडे ओढून घेते. पायाची बोटे सहसा अशी वाकत नाहीत, पण शरीराचा भार नेमका गाठीवर येतो, आणि चपलेत खडा राहिल्यासारखे प्रत्येक पावलाला टोचत राहते. घराण्यात हा विकार असणे, मधुमेह, दीर्घकाळचे मद्यपान आणि फिट्सवरची काही औषधे यांच्याशी त्याचा संबंध दिसून आलेला आहे. उत्तर युरोपातील लोकांमध्ये तो बराच आढळतो, आपल्याकडे कमी. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ डॉक्टरांच्या तो चटकन लक्षात येत नाही. माझ्यावरही सुरुवातीला टाचदुखी समजून मऊ चपला आणि बर्फ यांचेच उपचार झाले. अखेर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी माझ्या पायाची बोटे वर वाकवून, पडदा ताणून, कमानीवरून अंगठा सावकाश फिरवला. कातडी हलत होती, पण खालची गाठ जागची हलत नव्हती, आणि तिथून खरे निदान सुरू झाले.

गाठ कापून का टाकत नाहीत, असे मीही विचारले होते. नुसती गाठच काढली तर ती परत येण्याचे प्रमाण फार मोठे आहे. सगळा पडदा काढायचा तर शस्त्रक्रिया मोठी होते, आणि तळपायावरचा व्रण पुढे जन्मभर भार सोसणार असतो. गाठीच्या जागी खळगा केलेला मऊ सुटा तळ (इनसोल) चपलेत घालणे हा सर्वांत साधा उपाय, आणि अनेकांना तेवढाच पुरतो. मला तो वर्षभर पुरला. नंतर गाठ वाढू लागली, शेजारी दुसरी आली, आणि रात्री पाय टेकलेला नसतानाही ठणका लागू लागला. किरणोपचारांचा विचार करायचा तो याच टप्प्यावर, असे डॉक्टरांनी सांगितले.

हा टप्प्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किरणोत्साराचा परिणाम वाढत्या, विभागणाऱ्या पेशींवर होतो. गाठ नवी असते, वाढत असते, तेव्हा तिच्यात अशा पेशी भरपूर असतात. ती जुनी होऊन निबर झाली की तिच्यात पेशी थोड्या आणि तंतूच जास्त उरतात, आणि तंतूंवर किरणांचा काही उपयोग नाही. त्यामुळे हातातली दोरी पक्की होऊन बोट वाकले असेल तर किरणोपचारांनी ते सरळ होत नाही. त्यासाठी सुईने दोरी तोडणे किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग राहतात. वाढ थांबवणे किंवा मंद करणे आणि दुखणे कमी करणे एवढेच या उपचाराचे काम आहे.

रूढ पद्धत अशी की रोज ३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) या प्रमाणात सलग पाच दिवस किरण देतात, मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा तसेच पाच दिवस, म्हणजे एकूण ३० ग्रे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला सहा-सात आठवड्यांत ६६ ते ७० ग्रे द्यावे लागतात. यावरून दोन्ही उपचारांतला फरक कळतो, पण ३० ग्रे ही मात्रा किरकोळ आहे असे मात्र कोणी समजू नये.

उपचार अर्थातच कर्करोग विभागात झाले, कारण यंत्र तिथेच असते. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांनी आणि बोटांनी गाठींच्या कडा शोधल्या, मार्करने त्यांच्याभोवती रेघ काढली, आणि मग सर्व बाजूंनी काही अंतर सोडून दुसरी, मोठी रेघ काढली, कारण विकार हाताला लागतो त्यापेक्षा थोडा पुढे पसरलेला असतो. त्या आकाराची खिडकी ठेवून बाकीचा पाय शिशाने झाकला गेला. गाठीवर एक लवचिक, पारदर्शक, ओलसर वाटणारी चकती ठेवली होती. ती कशाला, असे मी तंत्रज्ञ ताईंना विचारले, तेव्हा किरणांची पूर्ण मात्रा कातडीच्या खाली खोल न जाता वरच्या थरातच मिळावी म्हणून, असे त्यांनी नीट समजावून सांगितले. मग सगळे बाहेर गेले, जाड दार लागले, थोडा वेळ घरघर ऐकू आली आणि संपले. ऊब नाही, चटका नाही, काहीही जाणवले नाही.

अवघड होते ते बाहेरच्या बाकावर बसणे. खरगोन, धार, झाबुआकडून आलेली माणसे, पुष्कळांची तोंडे तंबाखूने गेलेली, काहींच्या नाकात नळी. शेजारी बसलेल्या एका आजींनी माझी कितवी सिकाई म्हणून विचारले, आणि आजार कोणता हे ऐकल्यावर ‘बरं झालं बाई, तुझं तेवढ्यावर निभावलं’ अशा अर्थाचे काहीतरी माळवीत बोलून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या रांगेत आपण जागा अडवतो आहोत ही बोच मला लागली होती. डॉक्टरांशी बोलल्यावर कळले की आमच्यासारख्यांना वेळ देताना कर्करुग्णांचा एकही दिवस चुकू दिला जात नाही, आणि तसेच असले पाहिजे.

आमच्या शेजारचे काका राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, म्हणजे इंदूरकरांच्या ‘कॅट’मधून निवृत्त झाले आहेत. तिथल्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉनांना २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (हे अशा कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा देतात. मला दिलेले किरण म्हणजेही इलेक्ट्रॉनांचाच झोत, पण त्यांची ऊर्जा ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन शरीरात साधारण तीन सेंटिमीटर जाऊन थांबतात आणि उपयोगी मात्रा त्याच्याही अलीकडे संपते, हे काकांनी कागदावर रेघ काढून दाखवले. पोट, छाती, मान यांपासून पाय किती लांब आहे हे तर सांगायलाच नको. माझी भीती शब्दांच्या धीराने गेली नव्हती, ती त्या कागदावर कमी झाली.

तरीही धोका शून्य नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांना किरण दिले गेले आणि त्यांच्यात पुढे मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. निरुपद्रवी विकारांना किरण देण्यास पुष्कळ देश नंतर कचरू लागले. जर्मनीत मात्र ही परंपरा काळजीपूर्वक चालू राहिली. आपल्याकडेही शस्त्रक्रियेने काढलेला केलॉइड, म्हणजे व्रणावर वाढलेली जाड गाठ, परत वाढू नये म्हणून किरण देतात. हात-पायांवरील उपचारातून पुढे कर्करोग होण्याचा धोका फार कमी मानला जातो, पण तो आयुष्यभर सोबत राहतो, म्हणून वय जितके कमी तितका विचार अधिक करावा लागतो. मी साठीची आहे आणि माझ्यासाठी हिशेब जुळला. माझी मुलगी तिशीत आहे. हेच तिला झाले असते तर मी इतक्या लवकर होकार दिला नसता.

फायद्याचे म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये ८४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना खरे किरण दिले आणि काहींना नुसतेच यंत्राखाली झोपवले, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षभराने वेदनेला दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरी खऱ्या किरणांच्या गटात २.५ होती आणि दुसऱ्या गटात ३.६. फरक खरा आहे, पण मध्यम आहे. चमत्काराची अपेक्षा ठेवून कोणी जाऊ नये. माझ्या गाठी आजही हाताला लागतात. त्या वाढलेल्या नाहीत, किंचित मऊ झाल्या आहेत, आणि रात्रीचा ठणका गेला आहे. तळपायाची कातडी मात्र कायमची कोरडी झाली आहे आणि झोपताना तिला मलम लावावेच लागते.

हे सगळे वडोदऱ्याला राहणाऱ्या माझ्या भावाला सांगितले, तेव्हा त्याने आपल्या तळहातावर अनामिकेखाली पडलेला खळगा मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्याला मधुमेह आहे. मी त्याला हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. तळहात आणि बोटे पूर्ण टेकली, खाली फट राहिली नाही, म्हणजे बोटे अजून वाकू लागलेली नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी गाठीचे माप आणि छायाचित्र घेऊन ठेवले आहे. वाढ दिसत नाही तोवर किरण नकोत, सहा महिन्यांनी पुन्हा या, असे त्यांनी सांगितले आहे. मलाही ते पटते.