घरावर कर्ज काढताना बँकेचा व्हॅल्युअर आला तेव्हा...

लेकीच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढायचं ठरलं आणि बँकेतून फोन आला, "उद्या अकरा वाजता व्हॅल्युअर येतील." म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट 1998 सालचा. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, पापुद्रे निघालेत. रात्री मी कपाट सरकवून ती झाकायला निघाले होते. नवरा म्हणाला, "पलीकडे बाथरूम आहे, ते तिथेच बघणार." कपाट जागेवरच राहिलं.

त्याऐवजी कागद काढून ठेवले: करारनामा, सूची क्रमांक 2 (म्हणजे कराराच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिल. झेरॉक्सचा एक संच आणि पाहण्यापुरत्या मूळ प्रती. याचा फार उपयोग झाला, एकदाही कपाट धुंडाळावं लागलं नाही.

व्हॅल्युअर तिशीतला मुलगा. गेटचा, दारावरच्या पाटीचा, विजेच्या मीटरचा फोटो काढूनच वर आला. देवघरापाशी थांबून म्हणाला, "ताई, यात देवघर येईल, चालेल ना?" मला ते फार आवडलं. लेकाची खोली बंद होती, रात्रपाळी करून तो झोपला होता. त्याला उठवावं लागलं. प्रत्येक खोली मोजायची असते, हे आदल्या दिवशीच घरात सांगायला हवं होतं.

लेझरच्या मीटरने मापं घेताना आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्याच्या मागे मागे फिरत होते. "समोरच्या बिल्डिंगमधला एवढाच फ्लॅट किती लाखांना गेला, माहितीये?" तो शांतपणे म्हणाला, "काका, मला नोंदणी झालेले व्यवहार बघावे लागतात." तरी अण्णा थांबेनात. त्याचे आकडे चुकायला लागले, एक भिंत त्याने दोनदा मोजली. मग मी अण्णांना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. त्यांची तळमळ मला कळते, या घराचे हप्ते त्यांनी भरलेत. पण मोजणाऱ्याला मोजू द्यावं.

खरी परीक्षा बाल्कनीची. 2009 साली आम्ही ती हॉलमध्ये घेतली. त्याने विचारलं, "पालिकेची परवानगी?" क्षणभर मी गप्प झाले. मग सांगितलं, "नाही घेतली." त्याच्या हातात मंजूर नकाशा होताच, बाल्कनी त्यावर वेगळी दिसत होती. त्याने ती वेगळी मोजून लिहिली, चेहऱ्यावर काही न दाखवता. ओलीबद्दल मात्र मी आपणहून बोलले आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं बिल दाखवलं. भिंतीबरोबर त्याने बिलाचाही फोटो घेतला.

शेवटी बँकेला पुरावा म्हणून माझ्यासोबत एक सेल्फी. चहा नको म्हणाला, कल्याणला अजून दोन घरं पाहायची होती. पाण्याचा तांब्या मात्र रिकामा केला. "किती किंमत धराल?" हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण अहवाल थेट बँकेला जातो, त्या मुलाला कशाला पेचात टाकायचं? अण्णांनी पाचशेची नोट पाकिटात घालून आणली होती, ती मी दारातच परत त्यांच्या खिशात ठेवली. फी आम्ही बँकेत भरलेली होती, आणि त्या पाकिटाने त्याची नोकरी गेली असती.

चौथ्या दिवशी बँकेचा फोन आला. किमतीत बाल्कनी धरली नव्हती, पण मिळणाऱ्या कर्जात लेकीच्या पहिल्या दोन वर्षांची फी बसली.