डबा परत मिळाला का?

आठही जणींनी एकच नाव सांगितलं.

दादरला एका छोट्या हॉलशेजारच्या खोलीत आम्ही पाच जण टीव्हीसमोर बसलो होतो. पलीकडे आठ बायका गोल करून बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं कॅमेऱ्यातून आमच्यापर्यंत येत होतं. कुणी लालबागची, कुणी भांडुपची, दोघी कळव्याच्या, एक डोंबिवलीहून पहिल्या लोकलने आलेली. सगळ्या आमची मालिका रोज रात्री साडेदहाला बघणाऱ्या. संशोधन संस्थेच्या मुलीने विचारलं, "तुमच्या मते खून कुणी केला?" पहिल्या बाईंनी तोंड उघडायच्या आत दुसऱ्या म्हणाल्या, "कोण काय, दीरच तो. बाजारातून आल्यावर त्याने हात धुतले तेव्हाच कळलं मला."

हात धुण्याचा तो सीन मी लिहिला होता, अठराव्या भागात. कुणाच्या ध्यानात येऊ नये इतका सहज ठेवला होता, आणि त्यांना तो बारकाव्यासकट लक्षात होता.

आमच्या मालिकेतली मुलगी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. कल्याणला सासर. रात्रपाळी करून निघाली ती घरी पोचलीच नाही आणि चौथ्या भागात रुळांच्या कडेला सापडली. चेहऱ्यावरून ओळख पटेना. पटली ती जेवणाच्या डब्यावरून. स्टीलचा, कडीचा, झाकणावर तिच्या आईचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेला. आईला आहेरात आलेला डबा मुलीने माहेरून नेला होता. २०२४ च्या पावसाळ्यात आम्हाला निरोप आला की मालिका आटपा, चौदा भाग उरलेत. चौदा भागांत चार महिन्यांचा पसारा आवरायचा, आणि त्यात ही बैठक.

आमच्या खोलीत गडबड उडाली. चॅनलच्या क्रिएटिव्हने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "सगळ्यांना कळलंय. मग शेवट कशाला बघतील? बदलूया." पंधरा मिनिटांत तीन नवे खुनी तयार झाले. हॉस्पिटलचा डॉक्टर. तपास करणारा इन्स्पेक्टर स्वतः. मुलीची धाकटी बहीण. बहिणीचं नाव निघालं तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं. तिला आम्ही ऐंशी भाग रडताना दाखवलं होतं, एकटी असतानासुद्धा. बंद खोलीत, जिथे बघणारं कुणी नाही, तिथे रडणारा माणूस शेवटी खुनी निघाला तर लेखकाने प्रेक्षकाला सरळ फसवलेलं असतं. धक्का आणि फसवणूक यांत फरक आहे. धक्का बसला की माणूस मागे जाऊन आठवतो आणि म्हणतो, "अरे हो, तेव्हा सांगितलं होतं." फसवणुकीत मागे आठवायला काही नसतं.

मी हे बोलले. ब्रिटनमधल्या 'लाईन ऑफ ड्यूटी' या पोलिसी मालिकेचं उदाहरणही दिलं. भ्रष्ट पोलिसांना चालवणारा तो चौथा माणूस कोण, या एका कोड्यावर लोक खिळून होते. २ मे २०२१ ला सहाव्या पर्वाचा शेवट लागला तेव्हा जवळपास १ कोटी २८ लाख लोक टीव्हीसमोर होते. निघाला कोण, तर एक बावळट वाटणारा वरिष्ठ अधिकारी, पहिल्या पर्वापासून डोळ्यांसमोर असलेला. कितीतरी लोक नाराज झाले. पण ते उत्तर प्रामाणिक होतं, आणि भ्रष्टाचार असाच, सामान्य माणसाच्या रूपात बसलेला असतो, असं मला आजही वाटतं. अमेरिकेतल्या 'द किलिंग'ने मात्र २०११ मध्ये मुलीला कुणी मारलं या प्रश्नावर पहिलं पर्व विकलं आणि तेरा भाग झाल्यावरही उत्तर दिलं नाही. लोक भडकले ते रास्त होतं. तिथे शब्द मोडला होता.

"आपली मालिका मराठी आहे," क्रिएटिव्ह म्हणाली. "आपल्याकडे लोकांना थोबाडीत लागते."

तिचंही खरं होतं. १९९८ पासून वीस वर्षं 'सीआयडी'ने घराघरांत एक सवय लावली. थोबाडीत बसली की आरोपी सगळं सांगतो, एसीपी प्रद्युम्न फाशीचं बोलतात, केस संपते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पंचविसाव्या कलमात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही, तेविसाव्या कलमात, तसंच आहे. पण कबुली हा कोर्टाचा नाही, घरात बसलेल्या माणसाचा पुरावा आहे. गुन्हेगाराच्या तोंडून "हो, मी केलं" ऐकल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. मी ते कधी हलकं मानलेलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर संशोधनवाल्या मुलीने आमचाच प्रश्न विचारला. "तुम्हाला जर आधीच कळलंय, तर पुढचे भाग का बघणार?"

लालबागच्या बाई होत्या, साठीच्या आसपास. जांभळी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्या म्हणाल्या, "कळलंय म्हणून तर बघतो. तो रोज त्या घरात जेवतोय हो. तिची आई त्याला वाढतेय. तिला कोण सांगणार आणि कधी सांगणार, त्यासाठी जागते मी." मग थोडं थांबून त्यांनी त्या मुलीलाच विचारलं, "आणि तो डबा? पोलिसांनी नेला तो. परत मिळाला का तिच्या आईला?"

कळव्याच्या दोघींनी एकदम माना हलवल्या. डोंबिवलीची म्हणाली, "हो ना, नाव आहे त्यावर."

आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. चौथ्या भागातला डबा. हवालदाराने कापडात गुंडाळला, लाखेचं सील लावलं, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि मी तो विसरले. माझ्या चौदा भागांच्या वन-लाईनमध्ये, म्हणजे कथेच्या आराखड्यात, त्याचा उल्लेख नव्हता. दीर कसा सापडतो, कोण त्याच्यामागे धावतं, कोण कुणाला काय म्हणतं, सगळं होतं.

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन आमच्या सल्लागारांना फोन लावला. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले फौजदार. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. कायदे बदलले तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, "ताई, तुमचा खून फेब्रुवारीतला आहे. खुनाचं नवं कलम १०३ लिहू नका, जुनं ३०२ च राहू द्या." त्यांना डब्याचं विचारलं.

"खुनाच्या केसमध्ये सहसा निकालापर्यंत सोडत नाहीत," ते म्हणाले. "पण अर्ज करता येतो. २००२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, वस्तू गरजेपेक्षा जास्त दिवस पोलीस ठाण्यात पडू देऊ नका, पंधरा दिवस ते महिना पुरे. सविस्तर पंचनामा करायचा, फोटो काढायचे, हमीपत्र घ्यायचं आणि द्यायची. तुमच्या डब्यावर कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला काही सापडलं का?"

"नाही."

"मग मागू दे तिला. नाव कोरलंय ना? कायद्याने मुलीच्या वस्तूंवर नवरा हक्क सांगेल. पण नाव आईचं आहे." मग जरा वेळाने म्हणाले, "लोक मागायला येतात हो, ताई. सोन्याचं मागतात तसं चपलेचंही मागतात. मी मुद्देमालाच्या खोलीचं रजिस्टर सांभाळलंय तीन वर्षं. आयांना ठाऊक असतं आत काय काय आहे."

संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसात वाद झाला. तो सगळा सांगण्यात अर्थ नाही. दीर दीरच राहिला, कारण साहेबांच्या फोननंतर मी हटले नाही आणि दिग्दर्शक माझ्या बाजूने उभे राहिले. बदल्यात मी कबुलीचा सीन दिला, पूर्ण लांबीचा, थोबाडीतसुद्धा. आणि शेवटच्या भागात डब्यासाठी दीड पान मागून घेतलं.

शूटिंगच्या दिवशी सेटवर डबा नव्हता.

मढला आमचा सेट. कोर्ट उभारायला पैसे नव्हते, म्हणून सामानाच्या खोलीलाच मुद्देमालाची खोली केली होती. लोखंडी रॅक, गाठोडी, पुठ्ठ्याची लेबलं. आर्टवाल्या पोराने दुसरा डबा आणला, चकचकीत. मी म्हटलं, चालणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?" मला जांभळ्या साडीतल्या बाई आठवल्या. त्या बघतात. कडीचा आवाज बदलला तरी त्यांना कळेल.

तासभर शोधाशोध झाली. शेवटी डबा चहाच्या टेबलावर सापडला. स्पॉटदादांनी त्यात साखर ठेवली होती. चौथ्या भागानंतर तो कुठेतरी पडला होता, त्यांनी धुऊन कामाला घेतला, चार महिने आम्ही सगळ्यांनी त्यातली साखर खाल्ली. त्यांना फार वाईट वाटलं. "ताई, मला काय माहीत तो मेलेल्या पोरीचा आहे," असं म्हणाले, आणि स्वतःच चिंचेने घासून आणला. आतली वाटी मात्र गेली होती. भाजी वरणात सांडू नये म्हणून जी छोटी वाटी असते ना, ती. चौथ्या भागात ती स्पष्ट दिसली होती, क्लोजअपमध्ये, कारल्याची भाजी घेऊन.

संध्याकाळचे सात वाजले होते. आईचं काम करणाऱ्या बाई तयार होऊन बसल्या होत्या, सत्तरच्या दशकापासून नाटकात काम केलेल्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं की वाटी नाहीये. त्यांनी माझं दीड पान हातात धरलं होतं. त्यात मी आईला बरंच काही बोलायला दिलं होतं, मुलीविषयी, न्यायाविषयी. त्या म्हणाल्या, "अगं, मग तेच विचारते ना मी. बाकीचं काढून टाक."

सीन झाला तो असा. कारकून रजिस्टर पुढे करतो. आई सही करते. तो लाखेचं सील ब्लेडने फोडतो, लाखेचे लाल तुकडे टेबलावर पडतात. ती कापड उलगडते, कडी काढते, आत बघते. मग विचारते, "ह्यात वाटी होती."

कारकून पंचनाम्यावर बोट फिरवतो. "डबा एक, स्टीलचा, झाकणासह. वाटीची नोंद नाही, आई."

"होती."

तो पुन्हा वाचतो. ती लाखेचे तुकडे हाताने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकते, जशी घरी टाकली असती, आणि निघते. बाईंनी ते तुकडे गोळा करणं मी लिहिलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. कट म्हटल्यावर दिग्दर्शक मॉनिटरपासून उठले नाहीत. स्पॉटदादा दारात उभे होते, हातात किटली.

एडिटला लांबी भरली. बावीस मिनिटांत कबुली, अटक, दोषारोपपत्र, सगळं बसवायचं होतं. त्या सीनची पन्नास सेकंदं राहिली. सील फोडणं गेलं. तुकडे राहिले, त्यासाठी मी एडिटरच्या मागे रात्री दोनपर्यंत उभी होते.

टेलिकास्ट झाला तेव्हा लोकांना शेवट आवडला असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना दीराला फाशी झालेली बघायची होती. नवऱ्याला धडा मिळाला नाही म्हणून माझी सख्खी मावशी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले तोवर ऑफिसात नव्या मालिकेची गडबड चालू होती आणि आमचे आकडे कुणी मोठ्याने वाचले नाहीत. मी वाचले. शेवटच्या भागाला आमचे लोक होते, म्हणजे जे चार महिने होते ते होते. वाटीविषयी मात्र जे मला भेटले त्यांतल्या प्रत्येकीने काहीतरी सांगितलं. एकीने सांगितलं की वाटी रुळांवर पडली असणार, पंचांनी नीट शोधलंच नाही. दुसरी म्हणाली, हॉस्पिटलच्या बेसिनपाशी राहिली असेल, मुलीने धुवायला काढली असेल. मी दोन्ही ऐकून घेतलं, आणि त्या बेसिनचा विचार त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

रविवारी माहीमच्या बाजारात गेले. मी कुठे काम करते हे आमच्या कोळीण मावशींना ठाऊक आहे. बांगडे साफ करता करता त्यांनी वर बघितलं.

"काय गो बाय, त्याला फाशी झाली का नाय?"

मी म्हटलं, "नाही मावशी. दोषारोपपत्र गेलंय कोर्टात. आता केस उभी राहील."

त्यांनी कोयता पाण्यात बुडवला, हात पुसले.

"मग तारीख कधीची हाय?"