पडलेला कडुनिंब आणि कूलरची खोली

मे महिन्यातल्या वादळात आमच्या गल्लीतला कडुनिंब आडवा झाला. मनपाच्या माणसांनी बुंध्याचे तुकडे करून कडेला लोटले. त्यांतले दोन मी हातगाडीवर घालून घरी आणले. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत वाडगे कातायच्या यंत्रावर, हात बसायला लागून सहाच महिने झाले होते, हाव मात्र मोठी.

लकडगंजातल्या आरा मशीनवाल्याने तुकडा पाहताच हात वर केले. "रस्त्यावरचं झाड ना भाऊ? खिळे असतीन. पट्टा तुटला तर कोण भरून देईन?" खरंच होतं. घरी हातकरवतीने कापलं तर दोन इंच आत गंजका खिळा, आणि त्याभोवती लाकूड शाई सांडल्यासारखं काळं. लाकडातल्या टॅनिनला लोखंड लागलं की असं होतं. तो डाग मी एका वाडग्यात मुद्दाम ठेवलाय.

ओंडका उभा, गाभ्यातून चिरायचा आणि गाभा काढून टाकायचा. चिरा तिथूनच सुरू होतात. ओलं लाकूड कातण्यात मात्र सुख आहे. गोल पटाशी लावली की हातभर लांब छिलपे सुटतात, चष्म्यावर पाणी उडतं. दहा इंची वाडग्याची कड इंचभर जाड ठेवली, कारण वाळताना तो वाकडा होणारच आणि मग पुन्हा कातायचा.

पहिले चार कच्चे वाडगे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. नागपूरचा मे, पारा 45 वर! रात्री जेवताना वरून 'टक्' ऐकू आलं. सकाळी तीन फाटलेले. बाहेरचा थर झपाट्याने आकसला, आतला ओलाच राहिला. पुस्तकी ज्ञान मला होतं हो, अक्कल नव्हती.

या दिवसांत आमच्याकडे दमट हवा एकाच जागी, कूलरच्या खोलीत. उरलेल्या लाकडाचे वाडगे कातले, कडांना मेण लावलं, छिलप्यांसकट कागदी पिशव्यांत भरून पलंगाखाली सरकवले. "काय लपवून राहिले तिथं?" बायकोने विचारलंच. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बुडाला पेन्सिलीने लिहायचो. एक वाडगा 2080 ग्रॅमचा होता. पावसाळाभर ढिम्म. डिसेंबरात 1470 वर आला आणि तीन आठवडे तिथेच थांबला, म्हणजे वाळला. तोवर एका बाजूने चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आकसून लंबगोल झाला होता.

वाळलेला कडुनिंब मात्र वाईट खोड आहे. रेषा उलटसुलट, पटाशी अडकते. मास्क न लावता अर्धा तास काचपेपर मारला, दोन दिवस शिंकत होतो. वरून घाण्याचं जवसाचं तेल तीनदा. तेलाचं फडकं चुरगाळून फेकू नका. तेल वाळताना ते आपोआप तापतं, पेटूही शकतं. मी दोरीवर पसरून वाळवतो.

आईने वाडगा हातात घेतला, "ही तर काठवट" म्हणाली आणि त्यात ज्वारीचं पीठ मळलं. भाकरी कडू लागली नाही. तिची तक्रार वेगळीच, "चार बोटं मोठी पाहिजे होती."